नवी बॅटरी शोधताना जुनी मोजायला विसरू नये

गेल्या काही वर्षांतील बॅटरीविषयक राष्ट्रीय बातम्या आठवून पाहाव्यात. मे २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रगत विद्युतघटांच्या देशांतर्गत निर्मितीसाठी १८,१०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उद्दिष्ट होते ५० गिगावॉट-तास क्षमतेचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम-खनिजाचा अनुमानित साठा जाहीर झाला. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याच्या केपीआयटीने आयसर पुणेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान लोकांपुढे ठेवले. पुढे २०२४ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने विद्युत वाहनांसाठीचे अभियान हाती घेतले आणि त्यात उष्ण कटिबंधाला मानवतील अशा बॅटऱ्यांना स्वतंत्र स्थान दिले.

या सर्व बातम्यांचे स्वागतच करायला हवे. त्यांत खनिज आहे, कारखाना आहे, नवे रसायन आहे. परंतु आज रस्त्यावर धावणाऱ्या बॅटरीचे काय चालले आहे, तिच्यात किती भार उरला आहे, ती कशामुळे म्हातारी होते, या प्रश्नांना बातमीत जागा मिळत नाही. माझे म्हणणे असे की, या प्रश्नांची उत्तरे देणारे भौतिकशास्त्र बारावीच्या पुस्तकात आहे. उणीव आहे ती आपल्या हवामानात, आपल्या वाहनांवर घेतलेल्या आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या मोजमापांची.

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला पहाडगंज आहे. स्थानकातून बाहेर पडणारा प्रवासी, मुख्य बाजारातील व्यापारी, रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रोकडे निघालेला नोकरदार, या सर्वांना जवळच्या अंतरासाठी ई-रिक्षा लागते. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या वाहनांवर बंदी घातली होती. नंतर नियम झाले आणि २०१५ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने त्यांना पक्की मान्यता मिळाली. वाहन कायद्यात आले, त्याचा वेग ताशी २५ किलोमीटरवर बांधला गेला, प्रवाशांची संख्या चार ठरली. मात्र चालकाच्या दिवसाची कमाई ज्या वस्तूवर अवलंबून असते, त्या बॅटरीची खरी स्थिती त्याला सांगणारे साधन बहुतेक ई-रिक्षांत आजही एका व्होल्टमापकापुरते आहे. आणि तो मापक त्याला फसवतो. कसा, ते पाहू.

जुन्या पद्धतीच्या ई-रिक्षात १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. विश्रांत अवस्थेत, म्हणजे कोणताही प्रवाह वाहत नसताना, अशी एक पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते आणि रिकामी झालेली सुमारे ११.८ व्होल्ट. चारांचा हिशेब केला तर ५०.८ पासून ४७.२ व्होल्टपर्यंत. याचा अर्थ, पूर्ण भरलेली आणि पूर्ण रिकामी या दोन टोकांमध्ये अंतर आहे अवघे ३.६ व्होल्टचे. दिवसभराची सारी मजुरी या ३.६ व्होल्टच्या पट्टीवर वाचायची आहे.

आता बॅटरीच्या जागी एक साधा परिपथ कल्पावा. एक आदर्श विभवस्रोत, ज्याचे व्होल्टेज फक्त उरलेल्या भारावर अवलंबून आहे. त्याच्याशी एकसर जोडलेला एक रोध. आणि त्यापुढे एक रोध व एक धारित्र यांची समांतर जोडी. बॅटरीचे समतुल्य परिपथाचे प्रतिमान म्हणतात ते एवढेच. स्रोत आणि रोध यांची कल्पना १८८३ मध्ये फ्रान्सच्या तारखात्यातील अभियंता थेवेनिन याने मांडली. विद्युतअग्र आणि द्रावण यांच्या सीमेवर काय घडते ते रोध-धारित्रांच्या भाषेत सांगणारा परिपथ रँडल्सने १९४७ मध्ये दिला. पहिला एकसर रोध तारा, पट्ट्या आणि आम्ल यांच्यातून वाहण्याची अडचण दाखवतो. त्याचा परिणाम तत्क्षणी होतो. रोध-धारित्राची जोडी ही पट्ट्यांच्या छिद्रांत आम्ल पोहोचायला लागणारा विलंब दाखवते. तिचा परिणाम हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो.

अंदाज यावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. चारही बॅटऱ्या आणि जोडण्या मिळून एकसर रोध ३० मिलिओहम, जोडीतील रोध २० मिलिओहम, धारित्र ५,००० फॅरड. जोडीचा कालांक, म्हणजे रोध आणि धारित्र यांचा गुणाकार, १०० सेकंद आला. प्रवासी बसले आहेत, पुलाचा चढ आहे, मोटर ४० अँपिअर ओढते आहे. पहिल्या रोधामुळे व्होल्टेज लगेच १.२ व्होल्टने पडते. चढ काही मिनिटे टिकला तर जोडीमुळे आणखी ०.८ व्होल्ट जातात. एकूण घट २ व्होल्टची. ३.६ व्होल्टच्या पट्टीवर हे निम्म्याहून अधिक अंतर आहे! बॅटरी भरलेली असूनही काटा अर्ध्याखाली येतो. चढ संपला, रिक्षा थांबली, की १.२ व्होल्ट ताबडतोब परत येतात, उरलेले ०.८ सावकाश: १०० सेकंदांत त्यातील ६३ टक्के, ३०० सेकंदांत ९५ टक्के. थोडी विश्रांती दिली की बॅटरीत जीव येतो, असा चालकांचा जो अनुभव आहे, त्याचे स्पष्टीकरण या एका जोडीत आहे. भार वाढलेला नसतो. धारित्र रिते होत असते.

हेच प्रतिमान बॅटरीच्या वार्धक्याची गोष्टही सांगते. वापराने रोध वाढत जातो. तो तिप्पट झाला, दीडशे मिलिओहम झाला, असे मानू. आता तोच ४० अँपिअरचा चढ ६ व्होल्टची घट घडवतो. विश्रांत व्होल्टेज ४८ असताना, म्हणजे वरच्या पट्टीनुसार सुमारे २२ टक्के भार शिल्लक असताना, अग्रांवर ४२ व्होल्टच उरतात. ४८ व्होल्टच्या व्यवस्थेत कंट्रोलर सामान्यतः याच सुमारास पुरवठा तोडतो. रिक्षा चढावर उभी राहते, चालक म्हणतो बॅटरी संपली. वस्तुतः तिच्यात भार आहे, तो बाहेर येण्याची वाट अरुंद झाली आहे. शिवाय ४० अँपिअरला नव्या बॅटरीत ८० वॉट उष्णता निर्माण होत होती. आता ती २४० वॉट होते आणि ही उष्णता बॅटरीला आणखी म्हातारी करते.

चार्जिंगच्या वेळी याच परिपथात प्रवाह उलटा वाहतो. डिस्चार्जमध्ये जी घट वजा होत होती, ती आता विश्रांत व्होल्टेजमध्ये मिळवली जाते. चार्जरला बॅटरीचे अंतरंग दिसत नाही, त्याला अग्रांवरचे व्होल्टेज दिसते. ४८ व्होल्टच्या संचासाठी ते सुमारे ५७.६ ला पोहोचले की तो व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह कमी करू लागतो. १२ अँपिअरचा चार्जर असेल तर नव्या बॅटरीत अंतर्गत रोधावर ०.६ व्होल्ट खर्च होतात, म्हाताऱ्या बॅटरीत १.८. म्हणजे जुन्या बॅटरीच्या बाबतीत चार्जर ठरलेल्या मर्यादेला लवकर पोहोचतो, प्रवाह लवकर घटवतो आणि बॅटरी पूर्ण भरायला अधिक तास लागतात. चालकाची रात्र मात्र तेवढीच असते. सकाळी तो अर्धवट भरलेली बॅटरी घेऊन निघतो. वारंवार अपुऱ्या चार्जिंगने पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात, रोध आणखी वाढतो आणि चक्र पुढे फिरत राहते.

येथे दिल्लीचे हवामान प्रवेश करते. शिसे-आम्ल बॅटरीसाठी चार्जिंगचे योग्य व्होल्टेज तापमानाबरोबर बदलते. सर्वसाधारण नियम असा की २५ अंशांच्या वर दर अंशाला प्रत्येक घटामागे सुमारे ४ मिलिव्होल्ट कमी करावेत, खाली तितकेच वाढवावेत. ४८ व्होल्टच्या संचात असे २४ घट असतात. २९ मे २०२४ रोजी सफदरजंगला ४६.८ अंश तापमान नोंदले गेले. आपण बॅटरीसाठी ४५ अंश धरू. २० अंशांच्या फरकासाठी दुरुस्ती येते १.९ व्होल्टची, म्हणजे ५७.६ ऐवजी ५५.७ हवे. जानेवारीतील ५ अंशांच्या पहाटे हेच गणित उलटते आणि ५९.५ व्होल्ट हवे असतात. ज्या स्वस्त चार्जरला तापमानाचे ज्ञानच नाही, तो जेठात बॅटरीतील पाणी जाळतो, पट्ट्या गंजवतो, आणि पौषात तिला उपाशी ठेवतो. एकाच शहरात, एकाच वर्षात, दोन विरुद्ध प्रकारचे अत्याचार. यावरचा उपाय नव्या रसायनात नसून तापमान मोजणाऱ्या काही रुपयांच्या संवेदकात आणि चार्जरच्या चार ओळींच्या आज्ञावलीत आहे.

बॅटरीवर छापलेल्या आकड्याचीही अशीच गोष्ट. १०० अँपिअर-तास हा आकडा बहुधा २० तासांच्या दराचा असतो. ५ अँपिअर प्रवाह २० तास. रिक्षा मात्र सरासरी २० अँपिअर ओढते असे धरले, तर पॉयकर्टच्या १८९७ मधील नियमानुसार, घातांक १.२ घेऊन, ती पाच तास न चालता ३.८ तासच चालते. हाती येतात सुमारे ७६ अँपिअर-तास. कोणी फसवणूक केलेली नाही. आकडा खरा आहे, अट वेगळी आहे. ही अट ग्राहकाच्या भाषेत बॅटरीवर लिहिलेली असावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

लिथियम बॅटरी आली की हे सारे कालबाह्य होईल, असा एक आक्षेप घेतला जातो. ई-रिक्षांतही लिथियम बॅटऱ्या येत आहेत, हे खरे. पण तेथे समतुल्य परिपथाची गरज वाढते. लिथियम-लोह-फॉस्फेट घटाचे विश्रांत व्होल्टेज भाराच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असते. ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले तरी घटामागे काही दशक मिलिव्होल्टांचाच फरक पडतो. येथे व्होल्टमापक आंधळाच असतो. म्हणून बॅटरी-नियंत्रक आत-बाहेर गेलेल्या प्रवाहाची बेरीज ठेवतो आणि त्यात साचणारी चूक समतुल्य परिपथाच्या साहाय्याने दुरुस्त करत राहतो. अमेरिकेतील ग्रेगरी प्लेट यांनी २००४ मध्ये यासाठी काल्मन फिल्टर कसा वापरावा हे तीन लेखांत सविस्तर मांडले आणि आज ही पद्धत सर्वत्र रुळली आहे. नियंत्रकातील चिमुकल्या चिपला झेपेल एवढे सोपे आणि वाहन चालवता येईल एवढे अचूक, असे प्रतिमान हेच आहे.

दुसरा आक्षेप माझ्या विद्युतरसायनशास्त्रज्ञ मित्रांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ते म्हणतात, हे प्रतिमान म्हणजे वक्राला वक्र जुळवणे. त्यातील रोध आणि धारित्र बॅटरी उघडून दाखवता येत नाहीत. डॉइल, फुलर आणि न्यूमन यांनी १९९३ मध्ये मांडलेले प्रतिमान अग्रांतील कणांत आणि द्रावणात आयन कसे सरकतात ते मूळ समीकरणांतून सांगते. अभ्यासायचे तर ते अभ्यासावे. आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. परिपथाचे प्रतिमान मोजलेल्या क्षेत्राबाहेर विश्वासाचे नाही. २५ अंशांवर मिळवलेला रोध ४५ अंशांवर वापरता येत नाही. अतिजलद चार्जिंगमध्ये ऋणाग्रावर धातुरूप लिथियम जमू लागले तर ते या परिपथाला कळत नाही. परंतु यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. मोजलेल्या क्षेत्राबाहेर जाता येत नसेल, तर मोजमापाचे क्षेत्र वाढवले पाहिजे. मूळ समीकरणांच्या प्रतिमानालाही डझनावारी स्थिरांक लागतातच, आणि तेही मोजूनच मिळतात.

आणि मोजमाप कोठले आहे? आपला विद्यार्थी बॅटरीवर प्रकल्प करतो तेव्हा बहुधा नासाच्या एम्स केंद्राने खुली केलेली विदा उतरवून घेतो. ती विदा बहुमोल आहे. तिने एका पिढीला शिकवले. पण ती आहे बोटाएवढ्या लिथियम घटांची, प्रयोगशाळेत, बऱ्याच अंशी २४ अंशांच्या आसपास घेतलेली. पहाडगंजच्या गल्लीत धूळ, खड्डे, उष्मा आणि अर्धवट चार्जिंग सोसणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीविषयी ती काही सांगत नाही. तिच्याकडून तशी अपेक्षाही नाही. तो विद्यार्थी उत्तम गणित करतो आणि त्याचे उत्तर त्याच्या दारातल्या वाहनाला लागू पडत नाही.

मोजमाप नसण्याची किंमत केवळ चालक मोजत नाही. २०२२ च्या वसंतात पुण्यासह अनेक ठिकाणी विजेवरच्या दुचाकींनी पेट घेतला. केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली आणि एआयएस-१५६ या मानकाच्या अटी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाल्या. अशा मानकांचे काम ज्या समितीमार्फत चालते, तिचे सचिवालय पुण्याच्या एआरएआय या संस्थेत आहे. मानक हे विक्रीआधीच्या परीक्षेचे असते. बॅटरीचे आयुष्य त्यानंतर सुरू होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॅटरी-कचरा व्यवस्थापनाचे नियम आले आणि त्यांत शिसे-आम्ल बॅटरीही आहे. एखादी बॅटरी कचरा केव्हा होते, हे कोण ठरवते? आज बहुतेक वेळा दुकानदाराचा अनुभव ठरवतो. रोध मोजून ठरवले तर चारांपैकी एकच बॅटरी खराब आहे, असे अनेकदा दिसू शकेल. एकसर जोडणीत सर्वांत दुबळी बॅटरी साऱ्या संचाला खाली खेचते. अकाली मोडीत निघालेल्या प्रत्येक बॅटरीबरोबर शिसे पुन्हा भट्टीत जाते, आणि त्या भट्टीचा धूर कोणाच्या तरी मुलाच्या फुफ्फुसात.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली: उष्ण कटिबंधीय बॅटऱ्यांसाठी सार्वजनिक पैशातून जे संशोधन होईल, त्यातील चार्जिंग-डिस्चार्जची मूळ विदा ठराविक मुदतीत खुली व्हावी, केवळ शोधनिबंधातील आलेख पुरेसे नाहीत. दुसरी: या अभ्यासात ई-रिक्षाची शिसे-आम्ल बॅटरी असावी. १८५९ मध्ये प्लांतेने बनवलेली ही बॅटरी नवलाईची नाही, पण हजारो घरांची चूल तिच्यावर पेटते. तिसरी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे: महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी हे मोजमाप सुरू करावे.

विद्यार्थिमित्रांनो, यासाठी लागणारे साहित्य जवळच्या बाजारात मिळते. १२ व्होल्टची एक वापरलेली बॅटरी, मोटारीच्या दिव्याचे ५५ वॉटचे चार बल्ब समांतर जोडून केलेला भार, प्रवाह मोजायला क्लॅम्पमीटर, एक मल्टिमीटर आणि फोनमधील घड्याळ. बॅटरीला काही तास विश्रांती द्या, व्होल्टेज नोंदवा. बल्ब जोडा. सुमारे १८ अँपिअर वाहतील. तत्क्षणी झालेली घट भागिले प्रवाह, हा एकसर रोध. पुढील पाच मिनिटे दर दहा सेकंदांनी नोंद घ्या, मग भार काढा आणि व्होल्टेज परत चढताना पुन्हा तशीच नोंद घ्या. या सावकाश चढण्यातून जोडीचा रोध आणि कालांक मिळतो. व्होल्टेज थेट बॅटरीच्या अग्रांवर मोजा, बल्बच्या तारेवर नको. नाहीतर तुम्ही तारेचा रोध मोजाल. नवी बॅटरी असेल तर घट शंभर मिलिव्होल्टांहून कमी भरू शकते, म्हणून मीटरवर निदान तिसरा दशांश दिसायला हवा.

सिम्युलेशनसाठी महागडी आज्ञावली लागत नाही. साध्या स्प्रेडशीटमध्ये दर सेकंदाला एक ओळ लिहा. एका स्तंभात उरलेला भार: मागील भारातून प्रवाह गुणिले एक सेकंद वजा करा. दुसऱ्या स्तंभात जोडीवरचे व्होल्टेज: मागील मूल्याला ०.९९ ने गुणा आणि त्यात जोडीचा रोध गुणिले प्रवाह यांचा शंभरावा भाग मिळवा. कालांक १०० सेकंद असताना हेच गुणांक येतात. तिसऱ्या स्तंभात अग्रांवरचे व्होल्टेज: विश्रांत व्होल्टेजमधून एकसर रोधावरची घट आणि दुसरा स्तंभ वजा करा. प्रवाहाचे चिन्ह बदलले की हाच तक्ता चार्जिंगचा होतो. स्वतः मोजलेला वक्र त्यावर काढा. तो जेथे जुळत नाही, तेथे तुमचे संशोधन सुरू होते.

काळजीचे दोन शब्द. चार्ज होणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. खोली हवेशीर हवी, ठिणगी नको. हातातील अंगठी आणि कडे काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या, अग्रांना पान्याचा स्पर्श होऊ देऊ नका. लिथियमचा संच उघडण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नये.

याच पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. त्यांच्या आसपास ई-रिक्षा उभ्या असतात. पुण्यात, नागपुरात, लातुरात, जेथे हा मजकूर वाचला जात असेल तेथे, प्रयोगशाळेपासून हाकेच्या अंतरावर अशी एखादी बॅटरी असेलच. तिच्या चालकाची परवानगी घेऊन, त्याचे काम न अडवता, पंधरा मिनिटांत हे मोजमाप होते. नोंदीत बॅटरीचे वय, छापील क्षमता, विश्रांत व्होल्टेज, प्रवाह, दोन्ही रोध, कालांक आणि, कृपया विसरू नका, बॅटरीच्या कवचाचे तापमान एवढे असावे. चालकाचे नाव किंवा वाहनाचा क्रमांक नको. आकडे खुले ठेवा, आणि ज्याच्या बॅटरीवर मोजले त्याला त्यांचा अर्थ आधी सांगा.